जुलैतलं मोआब: आजी-आजोबा, दोन मुलं आणि पाच दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीहून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाच दिवसांसाठी युटा राज्यातल्या मोआब गावाला जायचंय. सोबत साताऱ्याहून आलेले आई-बाबा. बाबा ७१ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे. मुलं सहा आणि अकरा वर्षांची. यादीत आर्चेस, कॅनियनलँड्स, ब्राइस आणि झायन ही नॅशनल पार्कं, शिवाय मॉन्युमेंट व्हॅली. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की तिकडची हवा कोरडी असते, त्यामुळे ऊन जाणवत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, जुलैत जाणं हा वेडेपणा तर नाही ना?

वेडेपणा नाही. मी चौदा वर्षं सॉल्ट लेक सिटीत राहतो, बारा सीटांच्या व्हॅनमधून पाहुण्यांना या लाल खडकांत फिरवणं हाच माझा धंदा आहे, आणि आपले मराठी पाहुणे बहुतेक जुलै-ऑगस्टमध्येच येतात. शाळांना सुट्टी तेव्हाच, भारतातून आलेले आई-बाबा इथे असतात तेही तेव्हाच. तेव्हा जा. फक्त तुमची यादी आणि ते "ऊन जाणवत नाही" हे वाक्य, दोन्ही आधी हातात घेऊ.

ऊन जाणवत नाही हे खरंच आहे, आणि तीच गोची आहे. जुलैत मोआबला दुपारी पारा १०० फॅरनहाइटच्या आसपास असतो, म्हणजे ३८ सेल्सिअस. काही दिवस १०५ च्या पुढे जातो. आकडा ऐकून आपल्याकडची माणसं हसतात. मीही हसलो होतो. मी मूळचा अकोल्याचा, ४५ अंशांत वाढलेला. माझे वडील तर भर मे महिन्यात सायकलवरून बँकेत जायचे. ते पहिल्यांदा इथे आले तेव्हा मी त्यांना सकाळी साडेनऊला आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीच्या वाटेवर घेऊन गेलो. दोघांत एक बाटली पाणी. अकोल्याच्या माणसाला ऊन काय शिकवायचं!

जाऊन-येऊन तीन मैल, ४८० फुटांची चढण, आणि वाटेत एक झाड नाही. अकोल्यात ऊन वरून येतं आणि दर पन्नास पावलांवर कडुनिंब असतो. इथे ऊन वरूनही येतं आणि पायाखालच्या उघड्या कातळातूनही. शिवाय तुम्ही जवळजवळ पाच हजार फुटांवर असता, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा थोडं वर, पण ढग आणि धुकं वजा करून. वडिलांना घाम आलेला दिसत नव्हता म्हणून मी निवांत होतो. घाम येतच होता, पण कातडीवर यायच्या आत हवा तो पिऊन टाकत होती. मला आधी लक्षात आलं ते एवढंच की ते बोलायचे थांबलेत. माझे वडील कधीच बोलायचे थांबत नाहीत. मग शर्टाच्या कॉलरवर पांढरी रेघ दिसली, मिठाची. तिथूनच आम्ही परत फिरलो. एका खडकाच्या वीतभर सावलीत त्यांना बसवलं, एका अनोळखी जोडप्यानं त्यांच्याजवळचं पाणी दिलं. कमान वडिलांनी त्या खेपेला पाहिलीच नाही.

तेव्हापासून माझं उन्हाळ्यातलं सगळं नियोजन ठिकाणांवरून ठरत नाही, घड्याळावरून ठरतं. कुठे जायचं हे नंतर. आधी हे ठरवा की सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सात या वेळात बाबा आणि मुलं छपराखाली असतील, पाण्यात असतील किंवा डोंगरावर उंच असतील. हे एकदा पाळलं की जुलैतलं मोआब फार सुंदर आहे.

घड्याळाची एक गंमत सांगतो, ती कळली की बरंच सोपं होतं. उन्हाळ्यात इथलं घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं, आणि मोआब आपल्या टाइम झोनच्या पश्चिमेच्या अंगाला आहे. त्यामुळे जुलैत सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, दुपारी जवळजवळ दीडला. म्हणजे घड्याळात संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबानं साडेतीनच झालेले असतात, आणि दिवसातली सगळ्यात जास्त गरमी तेव्हाच असते. साताऱ्यात पाचला चहा पिऊन फिरायला निघतात तसं इथे निघालात तर भट्टीत पाय टाकाल. उलट सकाळचे आठ म्हणजे सूर्याचे साडेसहाच. सहाच्या सुमाराला उजाडतं, तेव्हा हवा साठीच्या घरात असते, फॅरनहाइटमध्ये. आई शाल मागेल.

तुमच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. न्यू जर्सीचं घड्याळ इथल्यापेक्षा दोन तास पुढे. मोआबला पहाटे साडेचारला उठायचं म्हणजे मुलांच्या अंगाला तुमच्याकडचे साडेसहा वाटणार. पहिल्या दिवशी लोक हौसेनं मुलांना "इथल्या वेळेला" आणायला बघतात. आणू नका. पाच दिवस सगळ्यांचं अंग न्यू जर्सीच्याच वेळेवर राहू द्या. रात्री लवकर झोप, पहाटे जाग, दुपारी पुन्हा गाढ झोप. आजी-आजोबांना हे शिकवावं लागत नाही.

आता यादी. मॉन्युमेंट व्हॅली मोआबहून दीडशे मैल, एका बाजूला अडीच-तीन तास. ब्राइस साडेचार तास, झायन त्याहून लांब. ग्रीन रिव्हर गाव सोडलं की पश्चिमेला सॅलिनापर्यंत आय-७० हायवेवर शंभरहून जास्त मैल पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, काही नाही. पाच दिवसांत हे सगळं बसवलंत तर बाबांच्या गुडघ्यांना खडक नाही, गाडीची सीट मारेल. तिन्ही काढा. मोआबला चार रात्री एकाच खोलीत राहा. आर्चेस गावापासून पाच मैलांवर आहे, कॅनियनलँड्सचा आयलंड इन द स्काय हा भाग चाळीसेक मिनिटांवर, आणि वाटेत डेड हॉर्स पॉइंट. एवढ्यावर चार दिवस भरतात.

हे काढण्यामागे पैशाचंही कारण आहे. २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या १६ वर्षांवरच्या पाहुण्यांकडून ११ मोठ्या नॅशनल पार्कांत नेहमीच्या फीशिवाय माणशी १०० डॉलर जादा घेतले जातात. ब्राइस आणि झायन त्या यादीत आहेत, आर्चेस आणि कॅनियनलँड्स नाहीत. आई-बाबा भारतीय पासपोर्टवर आहेत, तेव्हा हा हिशेब आधीच करा. तुम्ही दोघं इथले रहिवासी असल्यामुळे ८० डॉलरचा वार्षिक पास तुम्हाला मिळेल; सोबतच्या परदेशी पाहुण्यांना तो कुठे लागू होतो हे निघायच्या आधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर वाचून घ्या. डेड हॉर्स पॉइंट हे राज्याचं पार्क आहे, तिथे हा पास चालत नाही, वेगळी फी द्यावी लागते.

आर्चेसला वेळेचं आरक्षण लागतं असं तुम्ही ऐकलं असेल. २०२२ ते २०२५ या वर्षांत गर्दीच्या महिन्यांत ते लागायचं. पण २०२५ मध्ये ७ जुलै ते २७ ऑगस्ट या काळापुरतं ते उठवलं होतं, यावरूनच बघा की ऐन उन्हाळा इथला गर्दीचा हंगाम नाही. गर्दी मार्च ते मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणून जुलैत हॉटेलंही वसंतापेक्षा स्वस्त असतात. नियम दर वर्षी बदलतो, तेव्हा जाण्याआधी एकदा बघा. आणि जूनमधली ती बारीक चावरी चिलटं, कानामागे आणि केसांत शिरणारी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक संपलेली असतात. जुलैची तेवढी एक बाजू कुणी सांगत नाही.

पोहोचायचं कसं? सॉल्ट लेकला उतरून चार तास गाडी, किंवा कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला उतरून पावणेदोन तास. आई-बाबा असतील तर मी ग्रँड जंक्शनच सुचवीन, विमान बदलावं लागलं तरी. शिवाय तिकडून येताना हायवे सोडून १२८ नंबरचा रस्ता धरता येतो. तो कोलोरॅडो नदीच्या काठाकाठानं लाल कड्यांच्या पोटातून मोआबला उतरतो. दिवस मावळताना या रस्त्यावर गाडीतले सगळे आपोआप गप्प होतात. पाहुण्यांना पहिल्यांदा लाल खडक कुठे दाखवायचा असा प्रश्न आला की मी नेहमी हाच रस्ता निवडतो.

पहिली पहाट आर्चेसला द्या. साडेपाचला गेटच्या आत. आत अठरा मैलांचा चांगला डांबरी रस्ता आहे. डेव्हिल्स गार्डनपर्यंत थेट जा, वाटेत कुठे थांबू नका. वाटेतली ठिकाणं गाडीतूनही दिसतात, परतताना बघा. डेव्हिल्स गार्डनपासून लँडस्केप आर्चपर्यंत जाऊन-येऊन दोन मैलांपेक्षा थोडं कमी, वाट बरीचशी सपाट, खडी घातलेली. ३०६ फूट लांबीची ती कमान म्हणजे दगडाची फीतच. १९९१ मध्ये तिच्या पोटातून मोठी कपची कोसळली, तेव्हा खाली बसलेली माणसं जेमतेम पळाली. तेव्हापासून खालची वाट बंद आहे. मुलांना ही गोष्ट कमानीसमोर उभं करून सांगा. बाबा एवढं चालू शकतील असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. नसतील तर सुरुवातीला दोन उंच भिंतींमधल्या सावलीत बाकं-दगड आहेत, तिथे आई-बाबा निवांत बसतील. पाण्याचा नळ इथेच आहे. एक इथे आणि एक प्रवेशाजवळच्या व्हिजिटर सेंटरला, बाकी पार्कात पाणी नाही. खायला तर काहीच मिळत नाही.

परतताना विंडोजच्या भागात डबल आर्च बघा, जेमतेम अर्ध्या मैलाची वाट. तिथे मोठ्या कमानीच्या पोटात शिरलं की कुठे ना कुठे सावली सापडते, आणि सहा वर्षांच्या मुलीला तेवढा आडवा-तिडवा दगड पुरतो. नऊ-साडेनऊला बॅलन्स्ड रॉक आणि पार्क अव्हेन्यू गाडीतून उतरून पाच-पाच मिनिटं. दहाला गावात नाश्ता. बस.

डेलिकेट आर्च संध्याकाळीच बघायचा असं तुम्ही ठरवलंय, कारण फोटोत तो मावळतीच्या उन्हात पेटलेला असतो. उजेडाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. सकाळी सूर्य कमानीच्या मागून येतो, रंग तसा खुलत नाही. पण जुलैत सूर्यास्त पावणेनऊला, म्हणजे चढायला साडेसहाला लागायचं, आणि तेव्हा दिवसभर तापलेला कातळ तव्यासारखा असतो. उतरताना अंधार. शेवटचे दोनशे यार्ड कड्याला खोदलेल्या अरुंद वाटेवरून जायचं असतं. तुम्ही नवरा-बायको दोघंच असता तर मी जा म्हटलं असतं. या घोळक्यासाठी मी असं करतो: अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन तुमच्यातल्या एकानं तिसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला, उजाडू लागताच चढायला लागायचं, माणशी दोन लिटर पाणी घेऊन, आणि आठच्या आत खाली. रंग थोडा कमी, पण कमानीखाली चार माणसं, आणि मुलगा हसत परत येतो.

बाबांसाठी त्याच रस्त्यानं पुढे एक मैलावर डेलिकेट आर्च व्ह्यूपॉइंट आहे. खालचा व्ह्यूपॉइंट पार्किंगपासून शंभर यार्ड, सपाट. कमान तिथून लांब, कड्याच्या टोकावर लहान दिसते. म्हणून दुर्बीण न्या. माझे वडील दुसऱ्या खेपेला इथूनच बघून आले. म्हणाले, लग्नात नवरी स्टेजवर असते तेवढ्या अंतरावर होती.

दुपारी काय करायचं हे लोक सगळ्यात शेवटी ठरवतात आणि तिथेच फसतात. मुलं खोलीत टीव्ही बघत बसली की मोठ्यांना वाटतं आपण सुट्टी वाया घालवतोय, मग कुणीतरी म्हणतं "चला, एक छोटीशी चक्कर मारू." त्या छोट्याशा चकरेत माणसं आजारी पडतात. तेव्हा दुपारचा कार्यक्रम आधीच ठरलेला असू द्या. पोहायचा तलाव असलेलं हॉटेल घ्या. एक दुपार मोआबच्या म्युझियमला द्या. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या कर्जबाजारी भूगर्भतज्ज्ञाला जवळच युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि हे फळबागांचं गाव रातोरात खाणवाल्यांचं झालं, ती हकिकत तिथे कळते. गावाच्या उत्तरेला नदीच्या पुलाजवळ युरेनियमच्या कारखान्याचा किरणोत्सर्गी गाळ होता, सुमारे १.६ कोटी टन. तो रेल्वेनं तीस मैल लांब हलवायला २००९ मध्ये सुरुवात झाली. आर्चेसला जाताना तुम्ही त्याच जागेवरून जाल. पोस्टकार्डवर ही जागा नसते.

एक सकाळ नदीत घालवा. मोआबच्या वरच्या अंगाला फिशर टॉवर्सजवळच्या टप्प्यात अर्ध्या दिवसाचं राफ्टिंग असतं. पाणी जुलैत बरंचसं शांत, अधूनमधून हलके उसळते पट्टे. बहुतेक कंपन्या पाच वर्षांपासूनची मुलं घेतात. सकाळची खेप घ्या. दुपारची खेप पाण्यात असली तरी डोक्यावर ऊन तेच. आईला पाण्याची भीती असेल तर आई-बाबांना खोलीत चहा-वर्तमानपत्रासोबत राहू द्या. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांनी जायलाच हवं हा आपला हट्ट सोडावा लागतो.

आणि एक दुपार वर. मोआबच्या पूर्वेला ला साल डोंगर आहेत, सर्वांत उंच शिखर १२,७२१ फूट. वॉर्नर लेक नावाचं छोटं तळं साडेनऊ हजार फुटांच्या आसपास आहे, भोवती ॲस्पेनची झाडं. गावात शंभर असताना तिथे हवा वीस अंशांनी तरी कमी असते. शेवटचा थोडा रस्ता कच्चा आहे, पावसात टाळा, आणि भाड्याच्या गाडीचा करार आधी बघा. उंचीमुळे बाबांना धाप लागू शकते, तेव्हा तिथे चालायचं नाही. चटई टाकून दहीभात खायचा आणि पडायचं. खाली दिसणारा लाल खडकांचा पसारा झाडांच्या फटींतून बघायचा.

एक पहाट आयलंड इन द स्काय आणि डेड हॉर्स पॉइंटसाठी. हे पठार सहा हजार फुटांवर आहे, गावापेक्षा थोडं थंड. मेसा आर्चची वाट पाऊण मैलाचीही नाही, पण सूर्योदयाला तिथे ट्रायपॉडवाल्यांची खांद्याला खांदा लावून रांग असते. सूर्य वर आला की तासाभरात सगळे निघून जातात, तुम्ही तेव्हा जा. मग ग्रँड व्ह्यू पॉइंट, तिथे पहिला कठडा गाडीपासून अगदी जवळ. डेड हॉर्स पॉइंटला कड्यापर्यंत पक्की वाट आहे, सावलीसाठी छप्पर आहे, आणि दोन हजार फूट खाली कोलोरॅडो नदी गळ्यातल्या हारासारखी वळसा घेते. बाबांना सगळ्यात जास्त आवडेल ते इथे, पैजेवर सांगतो. सह्याद्रीत कड्यावर उभं राहायची सवय असलेल्या माणसाला ही जागा चटकन कळते. फक्त सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचा, सहा-साडेसहा कोटी वर्षांचा. हा वाळूचा, त्याहून कितीतरी जुना, आणि याचा लाल रंग कोकणातल्या जांभ्याला येतो त्याच कारणानं येतो, लोखंडाच्या गंजानं. कॅनियनलँड्सच्या बाजूला पाण्याच्या भरवशावर राहू नका, गावातून भरून न्या.

आता पावसाबद्दल. जुलैच्या पूर्वार्धानंतर दुपारी ढग जमू लागतात. इथेही त्याला मॉन्सूनच म्हणतात. आपल्यासारखी झड नसते. अर्धा तास कोसळतो आणि जातो. पण उघडा कातळ पाणी पीत नाही, सगळं एकदम घळीत उतरतं. ऑगस्ट २०२२ मध्ये मिल क्रीक या ओढ्याला असाच लोंढा येऊन पाणी गावातून वाहिलं. तेव्हा दुपारी ढग दिसले की अरुंद घळीत शिरायचं नाही, मग डोक्यावर निळं आकाश का असेना. पाऊस वीस मैलांवर पडलेला असतो. कड्याच्या टोकावर असाल आणि गडगडाट ऐकू आला तर थेट गाडीत. मात्र पाऊस थांबल्या थांबल्या १२८ नंबरच्या रस्त्यावर जाऊन बघा: कोरड्या कड्यांवरून लाल पाण्याचे धबधबे सुटलेले असतात, तासाभरात नाहीसे होणारे. ओल्या जुनिपरचा वास येतो. आई म्हणेल, वळवाचा पाऊस.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा. आणि नुसतं पाणी नको, मीठही जायला हवं, नाहीतर पोट फुगतं आणि डोकं दुखतं. बाजारातल्या रंगीत पेयांपेक्षा आपली तजवीज बरी: साताऱ्याहून येतानाच आईला इलेक्ट्रलची पाकिटं आणायला सांगा, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत रोज पहाटे करून ठेवा, सोबत खारे दाणे. बाबांच्या गोळीत लघवी जास्त होणारं औषध असेल तर इतक्या उन्हात तिचं काय करायचं हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं बंद करू नका, आणि न विचारता तशीच चालूही ठेवू नका. मोआबमध्ये हॉस्पिटल आहे, पण आई-बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स न्यू जर्सीतून निघताना चालू असायला हवा. औषधं गाडीत ठेवू नका. बंद गाडीत औषधंच काय, मी चपलेचा तळ सुटलेला पाहिलाय.

उन्हात बोलणं कमी होणं, चिडचिड, चालताना मागे पडणं, "मला पाणी नको" म्हणणं, या चार गोष्टींवर नजर ठेवा. घामाकडे बघू नका. मान आणि मनगटं ओल्या पंच्यानं पुसा. कोरड्या हवेत ओला पंचा म्हणजे विदर्भातला कूलरच. पंचा दोन मिनिटांत थंडगार होतो.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती, ढगळ. बाबांचा नेहमीचा सदरा-पायजमा उत्तम. मुलांना मात्र बिनबाह्यांचे घालू नका. बूट खरखरीत तळाचे. नवे बूट विमानतळावरून थेट खडकावर नेऊ नका, आधी आठवडाभर वापरा.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्याच. गावात सिटी मार्केट हे मोठं दुकान आहे, भाजी, दही, तांदूळ मिळतो. कढीपत्ता आणि तुमचा मसाला घरून न्या. आई रोज संध्याकाळी दशम्या किंवा पराठे करून ठेवेल, पहाटे त्याच खडकावर बसून खायच्या. सॉल्ट लेकहून आलात आणि जुलै उतरणीला लागला असेल तर ग्रीन रिव्हर गावात रस्त्याकडेला टरबूज-खरबुजांची दुकानं लागतात. ती फळं या वाळवंटातली नदीकाठची आहेत, अतिशय गोड. गाडी थांबवाच.

गाडी भाड्यानं घेताना करार वाचा. मी स्वतः एकदा कच्च्या रस्त्यावर टायर फाटल्यावर फोन केला तेव्हा कळलं की डांबर सोडलं की विमा संपतो. टो करायला आलेला खर्च माझ्या त्या ट्रिपच्या कमाईपेक्षा जास्त होता. तेव्हा फोटोतल्या त्या वळणावळणाच्या शेफर ट्रेलवर भाड्याची गाडी घालू नका. फोनवर नकाशे आधीच उतरवून ठेवा, पार्कात सिग्नल नसतो, आणि डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापून बंद पडतो.

मुलांना एक शिस्त लावावी लागेल. वाटेच्या कडेला काळी, खरबरीत, गोळ्यागोळ्यांची माती दिसते ती जिवंत आहे: शेवाळं, दगडफूल, सूक्ष्मजीव. तिच्यावर एक पाऊल पडलं तर सावरायला वर्षानुवर्षं लागतात. मी मुलांना सांगतो, माती म्हणजे लाव्हा, फक्त दगडावर आणि वाटेवर पाय ठेवायचा. सहा वर्षांची मुलगी हा खेळ तीन दिवस खेळते. व्हिजिटर सेंटरमधून ज्युनियर रेंजरची वही घ्या, भरून दिली की बिल्ला मिळतो.

चार रात्रींतली एक आकाशासाठी राखा. कालनिर्णय उघडून अमावास्येच्या जवळची निवडा, आणि त्या दुपारी सगळ्यांनी दोन तास झोपायचं, कारण पूर्ण अंधार पडायला साडेदहा वाजतात. आर्चेस रात्रभर उघडं असतं. बॅलन्स्ड रॉकच्या थोडं पुढे पॅनोरामा पॉइंटला गाडी लावा, दिवे घालवा, वीस मिनिटं फोन काढू नका. दक्षिणेला वृश्चिक, त्यातून वर गेलेली आकाशगंगा. बाबांना ध्रुव शोधायला सांगा. साताऱ्यात तो क्षितिजापासून अठराएक अंशांवर असतो, इथे अडतीसच्या वर. ते जुन्या जागी शोधतील आणि सापडणार नाही.

आज करायची कामं दोनच: ग्रँड जंक्शनचं तिकीट बघा आणि स्वयंपाकघर, पोहायचा तलाव आणि तळमजला अशी खोली चार रात्रींसाठी धरा. राफ्टिंग नंतर, महिनाभर आधी. आणि आई-बाबांना साताऱ्याहून निघताना दोन घडीच्या छत्र्या बॅगेत टाकायला सांगा, काळ्या, लाकडी मुठीच्या. इथल्या वाटांवर छत्री घेऊन चालणारा माणूस विचित्र दिसतो, पण दहाच्या उन्हात सगळे त्याच्या शेजारून चालायला बघतात.